कॅमेऱ्याबरोबर काय काय लागतं

खिशात मावणारा कॅमेरा घेऊन प्रवासाला निघायचं तर बरोबर आणखी काय घ्यावं, याचा मी सलग बारा दिवस अभ्यास केला. जास्तीची बॅटरी, मेमरी कार्ड, पट्टा, पाउच, छोटा ट्रायपॉड, लेन्स पुसायचं कापड. यादी एवढीच. पण मी वहीचं पान उभं आखलं आणि 'हवंच', 'बघू', 'नको' असे तीन रकाने केले. सुप्याच्या कंपनीत मी तयार पार्ट मोजून पास-नापास करतो. आमच्या लाइनवरचे म्हणतात, हा भाजीत मीठ टाकतानासुद्धा माप लावत असेल. त्यांचं काही चुकत नाही.

कॅमेरा घरात आधीच आलेला होता. बायकोला सातवा महिना लागला तेव्हा मी तो बाळाचे फोटो काढायला आणला. मुलगी झाली, तीन दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि गेली. पेटीच्या खोलीत मोबाईल नेऊ देत नव्हते. कॅमेरा नेऊ दिला असता तरी त्यात कार्ड नव्हतं, कारण कोणतं घ्यावं याचं माझं वाचन अजून चालू होतं. तिचा एकही फोटो नाही.

त्याला तीन महिने झाले होते. आम्ही दोघं एकमेकांशी व्यवस्थित बोलत होतो. सिलिंडर संपला, नळाला पाणी आलं, उद्या डबा नको. मुलीचं नाव मात्र ती काढत नव्हती आणि मीही नाही. कुणी मुलाबाळांचं विचारलं की मी 'अजून नाही' म्हणून मोकळा व्हायचो, आणि ती शेजारी उभी राहून दुसरीकडे बघायची. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, कामावर एकही चुकीचा पार्ट माझ्या हातून सुटला नाही. मला एकच हवं होतं, हिनं एकदा बोलावं. माझ्यावर आरडाओरडा केला तरी चालेल, पण बोलावं. त्यासाठी काय करायचं ते कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठंतरी फिरून या. मी भंडारदरा ठरवलं आणि यादीला लागलो. यादी करणं मला जमतं.

नगरच्या दुकानदारानं काउंटरवर बॅगांचा ढीग घातला.

"कुठं निघाले साहेब?"

"भंडारदऱ्याला."

"फॅमिली?"

"दोघंच."

मोठी बॅग मी नको म्हणालो. छोटा कॅमेरा मोठ्या बॅगेत घालायचा तर मग छोटा घेतला कशाला? त्यानं लेन्सवर लावायचे फिल्टर दाखवले. या कॅमेऱ्याला पुढे आटेच नाहीत, फिल्टर बसणार कुठं, असं मी विचारलं तेव्हा तो ओशाळून हसला. गळ्यातल्या पट्ट्यानं चालताना कॅमेरा पोटावर आपटतो, म्हणून मनगटाचा घेतला. एवढ्याशा बॅटरीचा दम दुपारपर्यंतच टिकतो, म्हणून दुसरी घेतली. कार्ड एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावीत, एक बिघडलं तर सगळं जात नाही. हे मी त्यालाच समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"ट्रायपॉड घ्याच साहेब. नाहीतर फोटो काढणारा कायम फोटोच्या बाहेर."

ट्रायपॉड 'बघू'च्या रकान्यात होता. घेतला.

घरी सगळं दिवाणावर मांडलं. बायको ओले हात पुसत आली आणि एकेक वस्तू उचलून ठेवत गेली. लेन्स पुसायच्या कापडाची पिशवी तिनं फोडली, कापड गालाला लावलं.

"खरखरीत आहे," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. येताना तिच्या हातात लंगोट होता. तिच्या आईनं जुन्या सुती साडीचे शिवून पाठवलेले होते, त्यांतला एक. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं कापड. तिनं दिवाणावर बसून कात्रीनं त्याचे चार चौकोन केले, कडा सरळ आहेत का ते बघितलं आणि एक घडी घालून पाउचमध्ये ठेवला.

"धुतलेलं आहे. वापरलेलं नाही," ती म्हणाली.

"चालेल," मी म्हणालो. एवढंच म्हणाल्याची लाज वाटली, पण तीसुद्धा थोडीच.

भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा पाऊस सरला होता आणि डोंगरावर हिरवं अजून शिल्लक होतं. धरणाच्या वाटेवर एका आजींची भज्यांची टपरी होती. बायको बाकावर बसली. समोरच्या दगडावर ट्रायपॉड उभा करून मी आमचा दोघांचा फोटो जमवत होतो. दगड कलता होता, एक पाय सारखा घसरत होता.

"लांबून आला व्हय?" आजींनी बायकोला विचारलं.

"नगरहून."

"लेकरं किती हायेत?"

माझं 'अजून नाही' ओठांवर आलंच होतं.

"एक मुलगी झाली," बायको म्हणाली. "तीन दिवस होती."

आजींनी झारा कढईच्या काठावर टेकवला. "कशी हुती गं?"

आणि ती सांगू लागली. जावळ दाट होतं. नाक बसकं, यांच्यासारखं. उजवी मूठ कानाशी धरून झोपायची, मूठ सोडवली की पुन्हा तिथंच न्यायची. दूध काढून द्यायला हिला दिवसातून चारदा आत सोडायचे, तेव्हा हिनं हे सगळं पाहिलं होतं. मला दहा मिनिटं मिळायची आणि त्या दहा मिनिटांत मी पेटीवरच्या यंत्राचे आकडे वाचत बसायचो. ते आकडे मला अजून पाठ आहेत. मूठ मी पाहिलीच नव्हती. ट्रायपॉड तसाच सोडून मी बाकावर येऊन बसलो.

ती माझ्याकडे वळली.

"कुठं ठेवलंत तिला?"

तान्ह्या बाळाला माती द्यायला पुरुषच जातात. वडील, चुलतभाऊ आणि मी असे तिघं श्रीगोंद्याला आमच्या रानात गेलो होतो. ही दवाखान्यातच होती. परत आल्यावर तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"रानात. विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली."

"खोल?"

"कमरेइतकं. मीठ घातलं. जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड रचलेत."

"कुणी धरलं होतं तिला?"

"मीच. गाडीत मांडीवर."

आजींनी दोन बशा पुढे ठेवल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही.

"जड लागली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "हलकी होती. इतकी हलकी की वाटेत दोनदा कापड उघडून बघितलं, आहे ना म्हणून."

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं, भर रस्त्यावर, अनोळखी बाईसमोर. बायको रडली नाही. माझं थांबल्यावर ती म्हणाली, "इथं मुक्काम नको. रानात जाऊ. मला जागा दाखवा."