टेपच्या पुढचे तीस दिवस

परदेशात शिकून आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "मग? कसं आहे तिकडे?" ह्याला "छान आहे" ह्यापलीकडे उत्तर नसतं. पण चहा संपत आला, कुणीतरी जांभई दिली, की एकेक आठवायला लागतं. मी दोन वर्षं स्पेनमध्ये, ग्रानादा शहरात, पाण्याचे जुने पाट कसे टिकवायचे हे शिकत होते. म्हणजे विषयच झोप आणणारा! त्यातून माझे किस्से बहुतेक दुपारचे आहेत, अर्धवट झोपेतले. ऐकता ऐकता डोळा लागला तरी माझी हरकत नाही.

*

आधी घरचं सांगते. बाबा मूळचे गुहागरकडचे, पण माझ्या जन्माआधीपासून ओमानमध्ये, इब्रीला टेलर आहेत. जुन्या बाजारात त्यांचं दुकान. ओमानी पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा दिशदाशा ते शिवतात आणि गळ्याशी लोंबणारा गोंडा असा बसवतात, की अख्खं गाव त्यांना 'मास्टर' म्हणतं.

मी तिथेच वाढले, पण माझा पासपोर्ट भारताचा आणि ओमानचा रहिवासी व्हिसा बाबांच्या नावावर. नियम असा, की सलग एकशे ऐंशी दिवस देशाबाहेर राहिलात की तो व्हिसा खलास. पुन्हा काढायचा तर सगळं पहिल्यापासून, आणि माझ्या वयाच्या मुलीला तो मिळेलच असं नाही. म्हणजे ज्या घरात माझी चौथीची चित्रकलेची वही अजून कपाटावर पडलीय, त्या घरी मी पर्यटक म्हणून यायचं! मला ह्याची फार भीती वाटायची. हसू नका, खरंच वाटायची.

बाबांनी ह्यावर आपला टेलरी उपाय काढला. मापाची एक जुनी टेप दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आणि तिला सेफ्टी पिन लावली. मी विमानात बसले की पिन शून्यावर, मग रोज एक सेंटिमीटर खाली. टेप दीडशे सेंटिमीटरची. त्यापुढचे तीस दिवस कापडावर खुणा करायच्या खडूने, भिंतीवर.

पहिल्या वर्षी एकदा बाबांचा फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"काय गो, टेप संपली. आता तू भिंतीवर चाललीयस."

दुसऱ्या आठवड्यात मी इब्रीला हजर होते.

*

ग्रानादाला माझी रूममेट क्लारा, जर्मनीची. पहिल्याच दिवशी दुपारी तीन वाजता ती साबण आणायला बाहेर पडली आणि लालबुंद होऊन परत आली.

"सगळी दुकानं बंद! सगळी! भर दिवसा! काय झालंय ह्या गावाला?"

मी तोवर पडदा ओढून आडवी झाले होते.

"काही नाही झालेलं. साडेपाचला उघडतील."

"तुला कसं माहीत? तू तर कालच आलीस!"

आता हिला काय सांगायचं? इब्रीला दुपारी एक वाजला की बाबा शटर अर्धं खाली ओढतात, कापायच्या टेबलावर उशीला कापडाचा तागा घेतात आणि झोपतात. ईदच्या आधीच्या आठवड्यात बाहेर रांग लागलेली असली तरी झोपतात. शाळा सुटली की मी त्याच टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. वर पंख्याची घरघर, शटरखालून आत आलेली उन्हाची पट्टी. ती पट्टी टेबलाच्या पायाला टेकली की साडेचार.

ग्रानादाच्या खोलीतही पडद्याखालून तशीच पट्टी यायची. ह्या दोन गावांइतकी गाढ झोप मला दुसरीकडे कुठेच लागलेली नाही.

वर्षभराने काय झालं, मी झोपेतच जोरात ओरडले, "बाबा, साडेचार वाजले!" मराठीत! उठून बसले तेव्हा कळेना, कुठल्या गावात आहे. तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून क्लाराचा पेंगुळलेला आवाज आला, "अजून पाच मिनिटं, प्लीज."

*

वर्गात ओळखीचा तास होता. सरांनी प्रत्येकाला आपल्या देशातल्या नदीबद्दल बोलायला सांगितलं. कुणी ऱ्हाइनवर बोललं, कुणी ॲमेझॉनवर. माझी पाळी आली.

"आमच्याकडे नदी नाही," मी म्हटलं. "वाळवंट आहे. डोंगरातलं पाणी पाटाने गावात आणतात, त्याला फलज म्हणतात. मग एकेका बागेची पाळी लावतात."

सरांनी यादी पाहिली. "पण इथे तर तुमचा देश भारत लिहिलाय. भारतात नद्या नाहीत?"

"आहेत ना. पुष्कळ आहेत."

"मग?"

"भारतात मी सुट्टीत जाते, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पुढचा."

*

अभ्यासासाठी आम्हाला डोंगरातलं एकेक खेडं दिलं होतं. माझ्या खेड्यातला पाट पाको आजोबा सांभाळायचे. वय ऐंशीच्या पुढे, खांद्यावर कायम फावडं. पाणी कुणाच्या शेतात किती वेळ, हे ठरवणार ते.

ही गोष्ट मी व्हिडिओ कॉलवर बाबांच्या अर्बाबना सांगितली. अर्बाब म्हणजे दुकानाचे ओमानी मालक, सालेम. त्यांची स्वतःची खजुराची बाग आहे आणि फलजवर त्यांची पाळी असते. रोज ते दुकानात कॉफी घेऊन येतात आणि बाबा उठायची वाट बघतात.

अर्बाब एकदम ताठ बसले. हिंदी-अरबीची खिचडी करत म्हणाले, "उसको पूछो, पानी का टाइम कैसे गिनता है? छाया से या घड़ी से?" आमच्याकडे जुनी पद्धत अशी, की जमिनीत काठी रोवायची आणि तिची सावली सरकली की पाळी बदलायची.

मी पुढच्या खेपेला पाको आजोबांना विचारलं. त्यांनी खांद्यावरचं फावडं खाली टेकवलं.

"घड्याळाने. पण भांडण झालं की सावलीने."

हे ऐकल्यावर अर्बाब इतके हसले, की बाबांची झोपमोड झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! तेव्हापासून दोघा म्हाताऱ्यांचे प्रश्न माझ्यामार्फत चालू झाले. पहिलं पाणी कुणाला? मशिदीच्या टाकीला. तुमच्याकडे? चर्चच्या चौकातल्या हौदाला. पाट फुटला तर? आधी सगळ्यांनी धावायचं, मग दोष कुणाचा ते बघायचं. दोन्हीकडून हे उत्तर एकच आलं. त्या दिवसांत माझ्या स्वप्नात खजुराच्या बागेतून बर्फाचं पाणी वाहायचं आणि मला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही.

*

पाको आजोबांचा फोटो पाहून बाबांनी त्यांच्यासाठी सदरा शिवायला घेतला. मी म्हटलं, "बाबा, माप?"

"फोटोत दाराला टेकून उभा आहे ना? दाराची उंची सांग, पुरे."

मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "उजवा खांदा पडलाय त्याचा. फावडं त्याच खांद्यावर घेतो ना? उजवी बाही अर्धा इंच कमी धरतो."

सदरा मी घेऊन गेले. आजोबांनी तो घातला, हात वर केले, खाली केले. दोन्ही मनगटं बरोब्बर झाकलेली. बायको गेल्यापासून आपल्याला बसेल असा सदरा मिळाला नव्हता, असं ते म्हणाले आणि अंगातून काढायलाच तयार होईनात. बाबांनी सवयीने गळ्याशी बसवलेल्या गोंड्याचं मात्र त्यांना कोडं पडलं.

"हे कशासाठी?"

"अत्तर लावायला."

आजोबांनी गोंडा हुंगला. "माझ्या वयात?"

पुढच्या रविवारी ते चर्चला आले तेव्हा गोंड्याला लव्हेंडरचा वास येत होता.

*

आता जरा जड जाणारी गोष्ट. दुसऱ्या वर्षी नाताळात काम निघालं, म्हणून घरी जाणं मी मार्चवर ढकललं. तिकीट काढलं एकशे शहात्तराव्या दिवसाचं. चार दिवस हातात, बिनधास्त!

त्याच मार्चमध्ये पाट साफ करायचा होता. घरटी एक तुकडा. गाळ काढायचा, दगड बसवायचे, आणि वरून पाणी सोडलं की ज्याचा तुकडा त्याने तिथे उभं राहायचं. पाणी कुठे झिरपत नाही ना बघायचं, आणि पुढे गेलं की पुढच्याला हाक द्यायची. मधे एक जरी माणूस कमी पडला तरी फुटलेला पाट कुणाला कळत नाही. पाको आजोबांनी मला एक तुकडा दिला आणि यादीत माझ्या नावाऐवजी लिहिलं, 'ओमानवाली'.

आठ दिवस मी गाळ उपसला. पाणी सोडायचं ठरलं आणि वर डोंगरात बर्फ पडलं. सगळं आठवडाभर पुढे गेलं. आजोबा म्हणाले, "तू जा पोरी. तुझ्या तुकड्यावर मी उभा राहीन." पण त्यांचा स्वतःचा तुकडा होता आणि माणूस एकच होता.

मी तिकीट पुढे ढकललं. मुद्दाम, सगळं कळत असताना. ढकललं आणि बसून रडले.

एकशे ऐंशीवा दिवस गेला. दोन दिवसांनी दुपारी पाणी सुटलं. वरून एकेक हाक खाली येत होती, लांबून, झोपेत ऐकू यावी तशी. मग माझ्या पाटात आधी सुकी पानं हलली, मग फेस आला आणि मग पाणी, माझ्या पायाशी. कुठेही झिरपलं नाही. मी खालच्या वळणाकडे तोंड करून हाक दिली. पहिली हाक मराठीतच निघाली!

संध्याकाळी बाबांना फोन केला. भिंतीवरची खडूची शेवटची खूण दोन दिवसांपूर्वीच झाली होती, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"पाणी आलं?"

"आलं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

*

आणि हा शेवटचा. आणखी दोन दिवसांनी मस्कतला उतरले. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. शेजारच्या रहिवाशांच्या रांगेत माझ्या शाळेतली एक मुलगी होती. तिने हात केला, मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

काउंटरवर तरुण ओमानी अधिकारी होता. त्याने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली, मग मला पाहिलं.

"तुझा रहिवासी व्हिसा होता."

"होता."

"एकशे ऐंशीच्या वर किती दिवस झाले?"

"चार."

"चार," तो म्हणाला. "का?"

पाट, बर्फ, हाक... रांगेत उभं राहून कुठून सांगणार? म्हटलं, "काम होतं."

"आता चौदा दिवस मिळतील. पर्यटक म्हणून."

"हो."

"कुठल्या हॉटेलात राहणार?"

मी म्हटलं, हॉटेल नाही. इब्री, जुना बाजार, मशिदीसमोरचं टेलरिंगचं दुकान.

त्याचे हात कीबोर्डवर थांबले. "मास्टर?"

"माझे बाबा."

त्याने शिक्का मारला, पासपोर्ट मिटला, पण माझ्या हातात दिला नाही. मागे वळून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. साडेअकरा वाजले होते. इब्री तिथून तीन तासांवर.

"घाई करू नकोस," पासपोर्ट पुढे करत तो म्हणाला. "साडेचारच्या आधी मास्टर उठत नाही."