अट वाजण्याची होती

हणमंतरावांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. लोणच्याची बरणीही नाही. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. तिथं बोल्ट ढिला राहिला तर कुणाचं तरी बोट जाई. हात तसा घडला, तो तसाच राहिला.

अंबरपेठच्या घरात त्यांच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच मोठ्या वस्तू. एक स्टीलचं कपाट. दुसरा ट्रान्झिस्टरचा जुना ॲम्प्लिफायर आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर. तरुणपणी ओव्हरटाइम करून घेतलेला. लोखंडी पेटी, आत नारळाएवढा ट्रान्सफॉर्मर, मागं ॲल्युमिनियमच्या पात्यांची पाठ. उचलायच्या आधी दम धरावा लागे. गेली काही वर्षं मात्र तो मुका होता. चालू केला की फ्यूज उडे.

मुलगा शिवराजनं कुकटपल्लीत उंच इमारतीत फ्लॅट घेतला. रविवारी सगळ्या घराचं सामान तिकडं हलणार होतं.

"बाबा, हा डब्बा कबाडीला देऊन टाकू."

"नक्को."

"अहो, बंद पडलाय तो. तुम्हाला छोटा स्पीकर आणतो. मुठीत मावतो, फोनवरून वाजतो."

"बिघडला तर उघडायचा कुठून?"

"उघडायचा नसतोच. टाकायचा, नवा घ्यायचा."

"मग मलाही टाकून नवा बाप घेशील."

स्वयंपाकघरात चतुराबाईंना, त्यांच्या बायकोला, हसू आवरेना. शिवराज चिडला. "ठीक आहे. रविवारपर्यंत वाजला तर नेऊ. नाही वाजला तर कबाडी."

"हौ. वाजला तर नेऊ. शब्द फिरवायचा नाही."

त्यांनी स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. सगळं समोर. कुठली तार कुठून निघते, कुठं जाते, डोळ्यांना दिसत होतं. बांधणाऱ्यानं तारा वेणीसारख्या दोऱ्यानं आवळल्या होत्या. झाकणाखाली कुणी बघणार नव्हतं, तरी आवळल्या होत्या. या कामाला डब्बा म्हणायचं?

एक मोठा ट्रान्झिस्टर जळाला होता. ते कोठीच्या गुजराती गल्लीत, सुट्या भागांच्या बाजारात गेले. दुकानदारानं जळका तुकडा बोटांत फिरवला. "चच्चा, ये कायको ढूंढते? नया बोर्ड लेलो. हथेली में आता, इससे ज्यादा बजता."

"ज्यादा नहीं बजाना. येच बजाना."

दुकानदारानं खणाच्या तळातून एक शोधून दिला. सोबत अभ्रकाचे दोन पापुद्रे. हा ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पाठीवर बसतो, पण त्याच्या अंगात वीज असते, म्हणून मधे अभ्रक. उष्णता पलीकडे जाते, वीज जात नाही. कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा, सारी भिस्त त्यावर.

शनिवारी दुपारी हणमंतरावांनी ट्रान्झिस्टर बसवला, स्क्रू आवळले, आणि सवयीनं वर आणखी एक पीळ दिला. मग सिरीजचा बल्ब लावला. वीज आधी या बल्बातून जाते. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर काम बरोबर. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट.

बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला.

"नकली माल दिला त्या दुकानदारानं!" त्यांनी चपला पायात घातल्या. "आत्ता कोठीला जाऊन तोंडावर फेकतो."

चतुराबाई दारात उभ्या राहिल्या. "दर वर्षी नळाची चकती कोण फोडतं हो? तोही दुकानदारच?"

"याचा नळाशी काय संबंध?"

"तुमच्या हाताशी आहे."

 त्यांनी चपला काढल्या, स्क्रू सोडला. अभ्रक भोकापाशी चिरला होता. कारखान्यात ज्या पिळासाठी साहेब पाठ थोपटत, त्याच पिळानं घात केला होता. बल्ब मधे होता म्हणून ट्रान्झिस्टर तेवढा वाचला.

दुसरा पापुद्रा शेवटचा. त्यांनी ॲल्युमिनियमची पाठ पुसली, अंगठा फिरवून कचरा नाही ना पाहिलं. पेचकस मुठीत न धरता दोन बोटांत धरला.

"हल्लू," चतुराबाई म्हणाल्या.

"कळतंय."

"कळतंय तर दात कशाला खाताय?"

हात थांबवणं आवळण्याहून अवघड गेलं.  स्क्रू बसला. अजून फिरेल असं मनगट सांगत होतं. त्यांनी मनगटाचं ऐकलं नाही.

बल्ब भक्कन पेटला, मंदावला, तारेपुरता लाल उरला. त्यांनी बल्ब काढून थेट वीज दिली, रेडिओ जोडला. गाणाऱ्या बाईनं मधेच घेतलेला श्वाससुद्धा खोलीत ऐकू आला. चतुराबाई बसूनच राहिल्या. त्यांच्या हातातली भाजी तशीच होती.

शिवराज आला, दारात ऐकत राहिला. "वाजतो हो, बाबा. पण ठेवणार कुठं? तुमच्या खोलीत पलंग आणि कपाट, बस. प्रणितानं मापं घेतलीत." प्रणिता त्याची बायको.

"अट वाजण्याची होती. जागेची नव्हती."

त्यांनी कपाट उघडून दाखवलं. रिकामं. कपडे दोन पिशव्यांत भरलेले.

"हे देऊन टाक. माझे सदरे खुंटीवर राहतील."

"अहो, इतकं चांगलं कपाट!"

"चांगलं आहे म्हणूनच कुणीही घेईल. याला माझ्याशिवाय कोण घेतो?"

रविवारी सामान उचलणारा हमाल पेटीला हात लावून मागं सरला. "चच्चा, पत्थर भरे क्या इसमें?"

"तांबा है. तू छोड."

हणमंतराव स्वतः वाकले. एक बाजू त्यांनी धरली. शिवराज पाहत होता. त्यानं फोन खिशात घातला आणि दुसरी बाजू धरली.

"हल्लू, बाबा."

"मी हल्लूच धरलंय. तू कसून धर."