डावा पाय पुढे

टेबलावर पालथ्या झोपलेल्या माणसाची उजवी मांडी मागून, वरपासून थेट गुडघ्याच्या खळगीपर्यंत काळीनिळी पडली होती. मी विचारलं, "बैलगाडीवरून पडलात का?"

"नाई बाई. नाचता नाचता झालं."

मी पुन्हा केस पेपर बघितला. नाव बाबाराव, वय सेहेचाळीस, धंदा शेती, राहणार जाम गावाच्या पलीकडे. मग नीट चेहरा बघितला. भुवया कोरलेल्या होत्या आणि टोपीखाली केसांचा अंबाडा होता.

ऐंशीच्या दशकाची नुकती सुरुवात होती. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती. बहुतेक पेशंटांना वाटायचं की इथे मालिश करून मिळते. हाड जुळल्यावर किंवा स्नायू भरून आल्यावर माणसाला पुन्हा कामाला लावायचं, हे आमचं खरं काम. बाबारावांचं एक काम शेती होतं आणि दुसरं खडी गंमत. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा डफ-तुणतुण्यावरचा खेळ. त्यात बाईचं काम पुरुषच करतात. बाबाराव सत्तावीस वर्षं गावच्या पार्टीत, म्हणजे खेळाच्या संचात, बाईचं काम करत होते.

त्यांची खासियत होती ती एकाच गोष्टीची. डोक्यावर भरलेला तांब्या ठेवायचा, डफाच्या ठेक्यावर उजवा पाय पुढे आणि डावा मागे सरकवत जायचं आणि सावकाश जमिनीवर टेकायचं. लुगड्याची निरी हलायची नाही, तांब्यातलं पाणी सांडायचं नाही. जिम्नॅस्टिकमध्ये याला फ्रंट स्प्लिट म्हणतात. बाबारावांनी हे नाव कधी ऐकलेलंही नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या खेळात मात्र गडबड झाली. दुसऱ्या पार्टीतल्या एका तरण्या नाच्यानं उडी मारून एकदम स्प्लिट घेतला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबारावांच्या पार्टीचे शाहीर उकंडराव कानात म्हणाले, "बाबाराव, एक डाव तुमी बी घ्या धाडकन."

"घेतला धाडकन," बाबाराव मला म्हणाले. "लुगडं फाटल्यावानी आवाज आला. मी पायलं तं लुगडं साबूत होतं."

मांडीच्या मागे जो जाड स्नायू असतो त्याला आम्ही हॅमस्ट्रिंग म्हणतो. आपण ज्या हाडावर बसतो तिथून तो निघतो आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतो. स्प्लिटमध्ये पुढच्या पायाचा हा स्नायू सगळ्यात जास्त ताणला जातो. बाबारावांचा तो वरच्या टोकाशी अर्धा फाटला होता. आमच्या हाडांच्या विभागाच्या सरांनी तपासून सांगितलं, "चालेल, नांगरेल, सगळं करेल. नाच बंद. तू समजावून सांग."

सरांचं चूक नव्हतं. मी सांगितलं.

"बंद म्हंजे केवढा बंद?"

"कायमचा."

ते उठून बसले. चपला शोधल्या, घातल्या, मग परत काढल्या. "बाई, दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई हाय. सारा गाव येते, लेकी-जावई येतेत. सत्तावीस वर्स झाले, मी एक बी मंडई सोडली नाई. उकंडराव त्या तरण्या पोट्ट्याले विचारून राह्यले. तेवढी मंडई होऊ द्या. मंग तुमी म्हणान तसं."

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. आधी पाय बरा करू, म्हटलं. पहिला आठवडा माठातल्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या. मग थोडा शेक, आणि हळूहळू पाय उचलायचा सराव. आठवड्यातून दोनदा ते एसटीनं यायचे. सांगितलेला व्यायाम चुकवला असं एकदाही झालं नाही. चौथ्या आठवड्यात लंगडणं थांबलं, पण उजवा पाय सरळ ठेवून अर्धा उचलला की मागे ओढ बसायची. दिवाळीपर्यंत त्या पायाचा पुढचा स्प्लिट शक्यच नव्हता.

मी दुसरा मार्ग सुचवला. स्प्लिटचा आणखी एक प्रकार असतो, साइड स्प्लिट. दोन्ही पाय दोन बाजूंना. त्यात मांडीच्या आतल्या स्नायूंवर जास्त ताण येतो. पुस्तकातलं चित्र दाखवलं. बाबारावांनी ते बघून पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"हे पयलवानाचं बसनं झालं बाई. मी लुगड्यात असतो. बाईमाणूस चारचौघांत असं बसन का?"

मी पुस्तक बाजूला ठेवलं. माझ्या पुस्तकात लुगड्याचा विचार नव्हता. मग सुचला तो प्रश्न खरं तर मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"डावा पाय कधी पुढे टाकलाय?"

"कधीच नाई."

"काऊन?"

'का' हे मी त्यांच्या भाषेत विचारल्यावर ते हसले. "उस्तादानं उजवा शिकवला. डावा कोनी मांगितलाच नाई."

तिथेच करून बघितलं. डावा पाय पुढे घेतला की फाटलेला उजवा मागे जातो, आणि मागच्या पायाचा हॅमस्ट्रिंग सैलच राहतो. ताण येतो तो त्याच्या जांघेच्या पुढच्या बाजूला. पण सत्तावीस वर्षांत त्या बाजूला कुणी हात लावला नव्हता. बाबाराव जमिनीपासून इतके वर अडकले की खाली चार विटा सहज मावल्या असत्या. म्हणून मापही विटांचंच ठरवलं. चार विटांवर बसायचं, साठ आकडे मोजायचे, झटके द्यायचे नाहीत. आरामात बसता आलं की एक वीट काढायची. उजव्या मांडीत कळ आली तर त्या दिवशी बंद.

सरांना कळलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मी नाच बंद सांगितला होता."

"उजवा पुढे बंद आहे, सर. डावा पुढे घेतोय."

सर खुर्चीतून उठले. कोपऱ्यातल्या हाडांच्या सापळ्याचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे करून बघितले. "मागचा सैल राहतो, बरोबर आहे. पण सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी बाजू मोकळी होईल? आणि काही झालं तर जबाबदारी तुझी."

"हो सर," म्हटलं. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

पहिली वीट दहा दिवसांत निघाली. दुसरी तीन आठवडे निघेना. बाबाराव पहाटे शेतावर जायच्या आधी बसत होते आणि दुपारी कापसाच्या गाठोड्याशेजारी बसत होते. त्यांची बायको विटा मोजायची. एके दिवशी उकंडराव सोबत आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. बाबारावांना बाहेर बसवून ते मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी मीच म्हनलं होतं, धाडकन घ्या. आता खरं सांगा. पुना फाटलं तं मानूस लंगडा होईन का?"

"उजवा पुढे टाकला तर नक्की फाटेल. डावा टाकला तर काय होईल, मला माहीत नाही. मी असं कुणाचं केलेलं नाही."

ते टोपी घालून उठले. "मंग त्या पोट्ट्याले नको म्हनून सांगतो," म्हणाले आणि गेले.

मंडईच्या चार दिवस आधी शेवटचं मोजलं. विटा सगळ्या निघाल्या होत्या, पण जमीन अजून दोन बोटं लांब होती. मी हिरमुसले. "दोन बोटं राहिली हो."

बाबाराव माझ्याकडे बघतच राहिले. "लुगडं कायले हाय मंग?"

मंडई रविवारी दुपारी होती. सर आपणहून म्हणाले, "मीही येतो." त्यांच्या फियाटमधून गेलो. गावाबाहेरच्या रानात माणसं गोल करून बसली होती. डफ सुरू झाला आणि बाबाराव आले. दवाखान्यात पाय जपत चालणारा माणूस तो हाच, हे मला आधी पटेना. मान, हात, नजर, सगळंच वेगळं होतं. तांब्या डोक्यावर ठेवला. डावा पाय पुढे सरकला. त्यांनी अजिबात घाई केली नाही. उकंडरावांनी डफ इतका हळू केला की दोन थापांच्या मध्ये पोरांचं बोलणं ऐकू येत होतं. निऱ्या जमिनीवर पसरल्या आणि बाबाराव खाली टेकले. दोन बोटं कुठे गेली, कुणाला दिसलं नाही.

माझ्या हिशेबात काम इथे संपलं होतं. आता कुणीतरी हात देईल, असं मी धरून चालले होते. पण त्यांनी दोन्ही हातांनी पदर धरून ठेवला, दोन्ही पाय एकमेकांकडे ओढत आणले आणि तसेच, तांब्यासकट, सरळ उभे राहिले. हाताचा आधार न घेता. स्प्लिटमध्ये खाली जाणं म्हणजे ताण, पण असं वर येणं म्हणजे निव्वळ ताकद. मी अडीच महिने या माणसाचा पाय मोजत होते आणि ही ताकद मी एकदाही मोजली नव्हती. शेजारी सर टाळी वाजवायचं विसरून बघत होते.

खेळ संपल्यावर भेटायला गेलो तेव्हा बाबाराव त्याच तांब्यातलं पाणी पीत होते. दुसऱ्या हातानं मांडी चोळत होते.

"दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"डावा दुखून राह्यला. उजवा मस्त हाय."

सरांनी तिथेच वाकून उजवी मांडी दाबून बघितली आणि मान हलवली. सोमवारी केस पेपरवर त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली: नाचायला परवानगी, फक्त डावा पाय पुढे.

बाबाराव त्यानंतर सात मंडया नाचले. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा लुगडं शिष्याला दिलं. शिष्याला त्यांनी दोन्ही पाय शिकवले होते.

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. पेशंट दुखरा पाय दाखवतो, नातेवाईक दुखरा पाय दाखवतात, डॉक्टरही त्याच्याबद्दलच लिहितात. चांगल्या पायाला कुणी काही विचारत नाही. मी आधी त्याला विचारायला लागले. निम्म्या वेळा काही उपयोग होत नाही. पण पाच मिनिटांचं तर काम असतं.