मधेच अडकलेलं गुणसूत्र

नातीची पेन्सिल तासताना लाकडाचा वास आला आणि नागपूरच्या कॉलेजातली ती दुपार आठवली. नव्या फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या मुळाची, दोनात विभागत असलेली पेशी होती. बाकीची गुणसूत्रं दोन टोकांना गेलेली, एक मधेच अडकलेलं. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला; अडकलेला धागा माझ्या नजरेतून सुटत नसे. दिसलं तसं चित्र काढलं.

"पुस्तकात असं कुठं आहे गा?" सर म्हणाले.

"सर, एकदा पाहून घ्या ना."

"तू मले शिकवून राहिला काय? पुस्तकातलं काढ, नाहीतर जर्नलवर सही नाही."

सहीशिवाय परीक्षेला बसू देत नसत. सरांनी भिंगाला डोळासुद्धा लावला नाही, याचा राग आजही आहे. माझ्याच हातानं मी ते गुणसूत्र खोडलं, याचा त्याहून जास्त.