हनीफचा ओके रिपोर्ट

हनीफ तांबोळी मला कधीच आवडला नाही, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. चाकणच्या आमच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं तपासणी विभागात होता. त्याने पास केलेला एकही माल परत आला नाही, पण त्याच्या शेजारी कुणी महिनाभर टिकलंही नाही. चहाला बोलावलं तर तो हेतू विचारायचा. नाही बोलावलं तर कट शिजतोय म्हणायचा.

यंदा त्याने सुपरवायझर सयाजीच्या अंगावर माप घ्यायचा पोलादी व्हर्नियर फेकला. मनाचा आजार असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं तर उपचारासाठी रजा, नाहीतर बडतर्फी, असं ठरलं. त्याची बायको जास्मिन त्याला पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कामगार विभागातर्फे मीही होतो.

"हा व्यक्तिमत्त्वाचा विकार," बाई म्हणाल्या. "पूर्वी संशयी, हट्टी असे प्रकार पाडायचो. एकच माणूस तीन प्रकारांत बसायचा. आता आधी तीव्रता बघतो. तुमची मध्यम आहे."

"मोजली कशानं?" हनीफने विचारलं.

"तुमच्याशी आणि घरच्यांशी बोलून."

"गेज न लावता रिजेक्ट?"

"मेंदूच्या फोटोत हे दिसत नाही. शेकडो माणसांची सरासरी काढली तर राग-भीतीच्या भागांत थोडा फरक सापडतो. एकट्याच्या फोटोवरून काही ठरत नाही."

त्यांनी सर्टिफिकेट दिलं. हनीफने तरीही परस्पर एमआरआय काढला. त्यात दोष नव्हता.

चौकशीत त्याने मॅनेजर गणराजसाहेबांपुढे सर्टिफिकेट न ठेवता ती फिल्म ठेवली. "मशीनचा रिपोर्ट आहे. पीस ओके. वेड्याचा शिक्का घेऊन मी गेटातून आत येणार नाही."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"नानासाहेब मला लाथ मारतायत. लिहून घ्या," तो म्हणाला.

गणराजसाहेब हसले. "म्हणजे डोकं शाबूत असताना फेकलास. काम सोपं केलंस, भाऊ."

फोटोवरून काही ठरत नाही, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी सांगितलं.

"नानासाहेब, रिटायरमेंटला आठ महिने ना? ते सांभाळा."

मी समोरची फाइल मिटली.

बडतर्फीचं पत्र मीच टाइप केलं. हनीफने ते खिशातल्या पेन्सिलीने ओळ न ओळ तपासलं, एका जागी गोल केला आणि माझ्याकडे सरकवलं.

"रुजू झाल्याची तारीख चुकलीय. एवढी वर्षं अशाच चुका करत आलात. दुरुस्त करा, मग सही करतो."

तारीख खरोखरच चुकली होती.