स्वतःच्या इच्छेने

"मावशी, तुम्ही इथे कशा? ही लाइन स्टाफची आहे."

मेट्रन बोलली. सगळ्यांसमोर. परळच्या आमच्या हॉस्पिटलात कोरोनाची लस आली, तो पहिला दिवस. हॉल सकाळी मीच पुसला होता. दाराला फुगे कमलने बांधले होते. आम्ही दोघी कॉन्ट्रॅक्टवरच्या आया. कोविड वॉर्डात पेशंटचं हगणं-ओकणं आम्ही काढलं. मेलेल्यांना प्लास्टिकमध्ये आम्ही बांधलं. म्हणून त्या दिवशी इस्त्रीच्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहिलो. फोटो काढणार होते ना.

"आम्ही पण स्टाफच," कमल म्हणाली.

"लिस्टमध्ये नाव नाही. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा." मग मेट्रनने कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि आल्याच आहात तर तो वापरलेल्या सुयांचा डबा भरलाय. तेवढा घेऊन जा."

मागे कुणीतरी हसलं. मी डबा उचलला. मेट्रनपेक्षा माझी मलाच जास्त चीड येते, की मी तो उचलला. इस्त्रीच्या साडीत.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, हॉस्पिटल देईल. हॉस्पिटल म्हणालं, कॉन्ट्रॅक्टरने नावं पाठवावीत. बाहेरच्या केंद्रांवर आमच्या वयाच्या माणसांना लस अजून सुरू व्हायची होती. आम्ही या दारातून त्या दारात हेलपाटे घालत राहिलो.

मग दुसरी लाट आली. लसीचा उपयोग नाही असं मी कधी म्हणणार नाही. डोळ्यांनी पाहिलंय. मेट्रनलाही कोरोना झाला. दोन दिवस ताप, थोडा खोकला, पंधरवड्यात राउंडवर हजर. त्याच आठवड्यात, त्याच वॉर्डातून, कमलला झाला. अडतीस वर्षांची बाई. काळाचौकीला आमच्याच चाळीत, माझ्यापासून तिसरी खोली. नवव्या दिवशी गेली. तिला मीच बांधलं. पायाच्या बोटांना नेलपॉलिश होतं, अर्धं उडालेलं. पुढच्या आठवड्यात मी पडले. ऑक्सिजनवर होते, पण वाचले.

पावसाळा सरला आणि हॉस्पिटलने अभ्यास काढला. लस घेतलेल्या स्टाफला आजार किती जोराचा झाला, न घेतलेल्यांना किती. तुलनेसाठी न घेतलेली माणसं पाहिजे होती. तेव्हा आम्ही स्टाफ झालो. घरी फोन आला. खुर्ची दिली. चहा दिला, तोही कपबशीत. एरवी आमचे स्टीलचे पेले पॅन्ट्रीत वेगळे ठेवतात.

"मावशी, बाही वर करा. थोडंसं रक्त घेतो. आणि इथे सही." तरुण डॉक्टर होता. बोलायला गोड.

फॉर्म इंग्रजीत. माझा बाप गिरणीत होता. गिरणी बंद होताना त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. मी स्वखुशीने काम सोडतो, असं त्यात लिहिलेलं. त्याला ते नंतर कळलं. मरेपर्यंत तो मला एकच सांगायचा, "वाचल्याबिगर सही करू नगं."

मी डॉक्टरला म्हटलं, "मराठीत वाचून दाखवा."

त्याने वाचलं. लस का घेतली नाही, या प्रश्नापुढे आधीच खूण केलेली होती. "लस उपलब्ध होती, पण स्वतःच्या इच्छेने घेतली नाही."

"हे कुणी भरलं?"

"सगळ्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं तेच भरलंय, मावशी. कॉम्प्युटरला काहीतरी कारण द्यावंच लागतं. फॉर्मॅलिटी आहे." मग त्याने आणखी एक फॉर्म पुढे सरकवला. "हा कमलबाईंचा. तुम्ही एकाच चाळीत राहता ना? घरच्यांची सही आणून द्याल?"

कमलच्या नावापुढेही तीच खूण. स्वतःच्या इच्छेने.

डोक्यात जाळ झाला. म्हणजे मेली ती तिच्याच चुकीने. तिच्या पोरीने त्याखाली सही करायची. आणि नेऊन द्यायची मी, डबा नेला तसा.

मी त्याचंच पेन घेतलं. दोन्ही फॉर्मवर ती ओळ खोडली. खाली मराठीत लिहिलं, "रांगेत उभी होती. मेट्रनने बाहेर काढलं." अक्षर वाकडं आलं.

"असा फॉर्म चालणार नाही, मावशी."

"मग रक्तही मिळणार नाही."

बाही खाली केली. चहा तसाच ठेवला. फॉर्म दोन्ही घेऊन आले.

लस मी नंतर घेतली, पालिकेच्या केंद्रावर, दोन्ही वेळा रांग लावून. कुणी हाकललं नाही. हॉस्पिटलचा निरोप अजून येतो, फॉर्म परत द्या म्हणून. मेट्रन म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, विचार करा.

केलाय विचार. लस माणसाला वाचवते हे तुम्हाला जगाला दाखवायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला कमल पाहिजे. घ्या. पण तिला लस कुणी दिली नाही, तेही त्याच कागदावर लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. तोवर माझ्या दंडातून एक थेंब निघणार नाही. आणि सुयांचा डबा भरला असेल, तर मेट्रनने उचलावा.