उचललेला हात

आमच्या कॉलेजात स्टाफसाठी सजगतेचं शिबिर ठेवलं होतं. पुण्याहून आलेल्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. आजूबाजूचा एकेक आवाज ऐका." सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. चाकूरला आमचा बाप फाटकाची कडी कशी काढतो त्यावरून आईला कळायचं, आज नुसत्या शिव्या आहेत की कमरेचा पट्टा निघणार आहे. आवाज ऐकायचं मला बाईंनी काय शिकवावं!

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून घेतली. राग आला की तो अंगात कुठं आहे ते बघायचं, त्याला हात लावायचा नाही. मला त्याची गरज होती. आई गेल्यावर बाबांना लकवा मारला आणि मी त्यांना नांदेडला माझ्या घरी आणलं. डावी बाजू लुळी पडली, मेला उजवा हात तेवढा शाबूत राहिला. जेवण आवडलं नाही की तो चालतो. आजवर मी उलटून मारलं नव्हतं, पण आपण कधीतरी मारणार याची मला धास्ती होती.

परवा दुधात भाकरी कुस्करून भरवत होते. त्यांनी वाटी हिसकावली आणि फेकून मारली. पितळेची वाटी, भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं.

"त्वांडात घालायसारखं हाय का हे? मायवरच गेलीस तू," बाबा ओरडले.

आईवर आले आणि माझा हात वर गेला. राग आधी कानशिलात होता, मग खांद्यात आला, मग तळव्यात. मी सगळं बघत होते आणि मला मारायचंच होतं.

बाबांनी उजवा हात डोक्यावर घेतला. कोपर नाकापुढं, हनुवटी छातीत खुपसलेली. गॅसच्या ओट्याखाली आई अशीच बसायची.

"मारू नको, माय," ते म्हणाले.

मी मारलं नाही. बाईंना सांगितलं तर टाळ्या वाजवतील. पण हात मी लगेच खाली घेतला नव्हता. ते अंग चोरून थरथरत होते आणि मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणंही मी डोळे न मिटता पाहिलं. मग सांडलेलं दूध पुसायला घेतलं.